गोधडीत गुंडाळलेला भूकंप

बाराव्या मजल्याच्या वळणावर एका फिलिपिनो बाईनं माझ्या छातीशी धरलेल्या गोधडीचा कोपरा उचलला, आत बघितलं, आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मला वाटलं झालं, संपलं, लेकरू गुदमरलं. ती म्हणाली, “मॅडम, नो बेबी. पेपर.”

मी म्हणलं, “काय?”

“न्यूजपेपर, मॅडम.”

खरंच पेपर होते. पिवळे पडलेले, नाडीनं बांधलेले. आणि माझी पोरगी, दोन वर्षंसुद्धा पुरी न झालेली, वर एकविसाव्या मजल्यावर सोफ्यावर झोपलेली तशीच राहिली होती. नऊ मजले मी पेपरांना थोपटत उतरले होते. “आलो हं, आलो हं आपण खाली,” असं म्हणत. मध्ये एकदा पापी पण घेतली. आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा तोंडातून आवाजच निघंना. किंचाळायचं होतं, नुसती हवा बाहेर आली.

बिल्डिंग अजून हलत होती का थांबली होती ते मला सांगता येणार नाही, माझे पायच हलत होते. जिन्यात नुसती माणसं. कुणाच्या हातात लॅपटॉप, कुणाच्या कुत्रं, एका बाईच्या केसांना रंग लावलेला, तो कपाळावरून गळतोय. खालून सिक्युरिटीवाला ओरडतोय, “यल्ला यल्ला! लिफ्ट नहीं, सीढ़ी! सब नीचे चलो!” सगळे खाली चाललेत, आणि मी वर जायला वळले.

आता इथं मला थांबून मागचं सांगावं लागतं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कसली बाई, लेकरू सोडून रद्दी घेऊन पळाली. तसं मी पण स्वतःला म्हणून घेतलंय. पण ती रद्दी नव्हती, आणि गोधडीची पण एक भानगड आहे.

मी किल्लारीच्या बाजूची. भूकंपाच्या भागातली. भूकंप मी बघितला नाही, माझा जन्म त्याच्या नंतरचा, नव्या गावातला, जे सरकारनं जुन्या गावापासून लांब सरळ सरळ रेघा मारून बांधून दिलं. पण आमच्याकडं बघितलेलं असो नसो, भूकंप सगळ्यांना तोंडपाठ असतो. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती, पहाटे जमीन हलली, दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं माळवद सगळं अंगावर आलं. एवढंच सांगते. बाकीचं माय पण सांगत नाही.

माय म्हणजे माझी आई. तिनं तेव्हापासून एकच नियम केला, डोक्यावर स्लॅब नको. सरकारनं पक्कं घर दिलं, ते तिनं घेतलं, नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, आणि त्यात ज्वारीची पोती आणि शेळ्या ठेवल्या. आम्ही समोरच्या पत्र्याच्या शेडात. मी तिथंच वाढले. लहानपणी मला वाटायचं पक्की घरं शेळ्यांसाठीच असतात.

नववीत माझी शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. हे दुबईत एसीचं काम बघतात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या बिल्डिंगांचं. लग्न जमताना माय ह्यांना म्हणली होती, “जावईबापू, पोरगी समुद्रापल्याड न्या, माझं काय म्हणणं नाही. पण पत्र्याखाली ठिवा, नायतर छपराखाली ठिवा, स्लॅब नको.” हे लगेच म्हणले, “नाही नाही, तिकडं सगळी बैठी घरं आहेत.” दुबईत! मी पण तेव्हा खरं मानलं.

आम्ही राहतो अल बर्शात, सहाव्या मजल्यावर. मायला सांगितलंय, बैठं घर आहे, दारात झाड आहे. पोरगी झाल्यावर मायनं आणखी एक अट घातली, “कधी उंचावर राहायला गेलात तर लेकराला मी इथं ठिवून घेणार. तुम्ही दोघं ऱ्हावा लटकत.” आणि माय बोलली की बोलली. ह्यांच्या पण मनात अधूनमधून असतंच, पोरगी दोन-चार वर्षं गावाकडं वाढली तर वाईट काय. मायनं एकदा जोर लावला की हे तिकीट बघायला लागतील हे मला माहीत आहे. म्हणून मायचा व्हिडिओ कॉल आला की मी पडदा ओढते आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसते. माय विचारते, “झाड दाव की.” मी म्हणते, “ऊन लई आहे माय, बाहेर नाही जाता येत.” ते तरी खरंच असतं.

तर पेपरांचं असं झालं. गणपतीत इथली मराठी माणसं आरतीला जमतात, तिथं एका बाईंनी विचारलं, इथं कुणी लातूरकडचं आहे का. ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी घाबरले, म्हणलं आता काय झालं. तर त्यांच्या पोरीला आर्किटेक्चरच्या कॉलेजात प्रोजेक्ट करायचा होता, भूकंपानंतर गावं परत कशी बांधली ह्याच्यावर. आणि तिचे आजोबा सरकारी इंजिनिअर, त्यांनी तीच गावं बांधण्यात हयातीची कितीतरी वर्षं घातलेली. त्यांनी पहिल्या दिवसापासून शेवटच्या गावाच्या चाव्या वाटेपर्यंतचे पेपर जपून ठेवले होते, गठ्ठे करून, फायलीच्या नाडीनं बांधून. ते त्यांनी पुण्याहून येताना बॅग भरून नातीसाठी आणले आणि परत गेले. पण नात इथंच वाढलेली. मराठी बोलते चांगलं, वाचायचं म्हणलं की एकेक अक्षर फोडत बसते. एक बातमी वाचायला तिला अर्धा दिवस लागायचा, आणि मग म्हणायची, “ताई, पुनर्वसन म्हणजे व्हॉट एक्झॅक्टली?”

म्हणून मी. आठवड्यातून तीन दिवस मी माझ्या पोरीला घेऊन मेट्रोनं मरीना भागातल्या त्यांच्या घरी जायची, एकविसाव्या मजल्यावर, आणि पेपर मोठ्यानं वाचायची. ती लॅपटॉपवर इंग्लिशमध्ये टाइप करायची. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये मी डोळे मिटून ‘माय, माफ कर’ म्हणलं.

नववी नापास बाईला कॉलेजातली पोरगी विचारते आहे आणि लिहून घेते आहे, हे मला आधी लई गमतीचं वाटलं. मग सवय झाली. मग माज आला म्हणा ना.

तिच्या कामाची एक पद्धत होती. मी हेडिंग वाचायला लागले की ती थांबवायची. “नको ताई, आधी सांग, पान नंबर काय?” ती वहीत मांडत होती, भूकंप पहिल्या पानावर किती दिवस राहिला, मग आतल्या पानात कधी गेला, मग कोपऱ्यातल्या चौकटीत कधी. पहिले कितीतरी दिवस नुसतं तेच पानभर. मग मदतीच्या बातम्या, कोण मंत्री आले, कुठून ट्रक आले. मग हळूहळू क्रिकेट वर, भूकंप खाली. मी म्हणलं, “आमच्या शेडात तो अजून पहिल्या पानावरच आहे बाई.” ती हसली आणि ते पण टाइप केलं.

मी म्हणलं, “हे कशाला लिहितेस?”

“इट्स गुड, ताई.”

तिला मोठ्या बातम्या हव्या असायच्या, मला बारक्या सापडायच्या. शेवटच्या पानाच्या आतल्या बाजूला जाहिराती असतात ना, ती त्या सोडून द्यायची. मी वाचत सुटायची. पत्रे मिळतील, लोखंडी चौकटी मिळतील, तयार दारं मिळतील. आणि हरवल्याच्या जाहिराती किती! दहावीची मार्कलिस्ट हरवली, शाळा सोडल्याचा दाखला हरवला, रेशनकार्ड हरवलं. एकाखाली एक, सगळी आमच्याकडची गावं.

ती म्हणाली, “एवढ्या लोकांनी एकदम डॉक्युमेंट्स हरवली? केअरलेस?”

मी म्हणलं, “अगं हरवली कुठं, घराखाली गेली. पेपरात जाहिरात दिल्याशिवाय डुप्लिकेट मिळत नाही म्हणून दिली. घर गेलं, माणूस गेलं, आणि नोकरीसाठी मार्कलिस्ट पाहिजे. जगायचं तर आहेच ना.”

तिनं बाजूला सारलेला पेपर परत ओढला. मग म्हणाली, “ताई, सगळ्या जाहिराती वाच. प्रत्येक.” तेव्हापासून आम्ही पेपर मागून पुढं वाचायला लागलो.

एक दिवस चाव्या वाटपाचा फोटो निघाला. मांडव, मोठी माणसं, पदर घेतलेल्या बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात चावी. बातमीत होतं की गावकरी आनंदानं नव्या घरात राहायला गेले. ती खूश झाली, “सो धिस व्हिलेज वॉज सक्सेसफुल.”

मी म्हणलं, “चावी घेतली. राहायला शेळ्या गेल्या.”

“म्हणजे?”

मी सगळं सांगितलं, शेड, ज्वारीची पोती, शेळ्या. तिचं तोंड उघडंच. “पण कोणत्या पेपरमध्ये आहे हे? सोर्स काय?”

“सोर्स मी. शेळीचं दूध पिऊन वाढलेय.”

“पेपरमध्ये पाहिजे, ताई. माझे सर मानणार नाहीत.”

मग आम्ही शोधायला लागलो. दोन आठवडे शोधलं. आणि मिळालं! खूप पुढच्या एका पेपरात, वाचकांच्या पत्रात. शहरातल्या कुणीतरी रागावून लिहिलं होतं की एवढा खर्च करून घरं दिली आणि ही माणसं त्यात गुरं बांधतात, अंगणात झोपतात, ह्यांना किंमत नाही. मी वाचत गेले आणि माझा आवाज चढत गेला. ती मात्र टाळ्या वाजवायला लागली, “यस! एव्हिडन्स!” मी म्हणलं, तुला एव्हिडन्स मिळाला आणि माझ्या मायला शिव्या मिळाल्या.

त्याच दिवशी तिनं आजोबांना फोन लावला. ते स्क्रीनवर आले, स्वेटर घातलेले, आणि शेळ्यांचं ऐकून त्यांना लई लागलं.

“अहो ताई, मी स्वतः उभं राहून ते स्लॅब टाकून घेतलेत. तुमच्या आईंना सांगा, त्याच्यावर हत्ती नाचला तरी काही होणार नाही.”

मी म्हणलं, “आजोबा, माय म्हणेल हत्तीला कोण भितंय.”

ते म्हणाले, “शेळ्या तरी सुखी आहेत ना?”

“एकदम मजेत.”

“मग झालं. वाया नाही गेलं.” आणि हसले. पण हसताना त्यांनी चष्मा काढून पुसला, ते मी बघितलं.

त्यांचं एकच म्हणणं असायचं, पेपर जपा. प्लास्टिकमध्ये घालू नका, घाम धरतात. मऊ जुन्या सुती कपड्यात ठेवा. आता मरीनाच्या त्या घरात जुना सुती कपडा कुठून आणायचा? सगळं नवं कोरं, गुळगुळीत. मग मी माझी गोधडी दिली. मायनं पोरगी झाल्यावर दोन गोधड्या शिवून पाठवल्या होत्या, दोन्ही तिच्या एकाच हिरव्या लुगड्याच्या, धुवायला एक, घ्यायला एक. एकीत पोरगी झोपायची. दुसरीत आम्ही पहिल्या वर्षाचे पेपर गुंडाळले, कारण तेच सगळ्यात नाजूक होते. दोन्ही गोधड्या त्याच हॉलमध्ये, दोन सोफ्यांवर. आता कळलं ना?

आणि पेल्यांचं राहिलंच. माय शेडात फळीवर एक स्टीलचा पेला पालथा घालते, त्याच्या बुडावर दुसरा पेला उभा, त्यात चमचा. जमीन जरा जरी थरथरली तरी चमचा आधी वाजतो. आमच्याकडं कितीतरी घरांत असं असायचं. चमचा वाजला की विचार करायचा नाही, जवळचं लेकरू उचलायचं आणि मोकळ्यात पळायचं. माय आमच्याकडून तालीम करून घ्यायची, ऐन जेवणात उठून चमचा वाजवायची. भात टाकून पळालो नाही तर पाठीत धपाटा. मी पळण्यात पहिली यायची.

मरीनाला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी डायनिंग टेबलवर तसे पेले लावले. कॉलेजवाली पोरगी म्हणाली, “ताई, व्हॉट इज धिस, आर्ट?”

“अलार्म.”

“फॉर?”

“ज्याच्यावर तू प्रोजेक्ट करतेस ना, त्याच्यासाठी.”

तिनं त्याचा फोटो काढला, खाली ‘ताईज सेन्सर’ असं लिहिलं, आणि प्रोजेक्टमध्ये घातला.

तर तो दिवस. दुपारची वेळ. पोरगी जेवून झोपलेली, गोधडीत पार गुंडाळलेली, कारण त्यांच्याकडं एसी फार थंड. आर्किटेक्चरवाली कानात हेडफोन घालून टाइप करत बसलेली. आमचे पहिल्या वर्षाचे पेपर बघून झाले म्हणून मी ते परत गोधडीत बांधून ठेवले होते. मी पाणी प्यायला उठले आणि चमचा वाजला.

टिंग. मग टिंग टिंग टिंग.

समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर कुठंतरी जमीन हलली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिकडं हललं की इथल्या उंच बिल्डिंगी डुलतात म्हणे. इथं कुणाला काही झालं नाही. पण तेव्हा मला काय माहीत? मला चमचा माहीत. मी ओरडले, “पळ!” हिरवी गोधडी उचलली, छातीशी लावली, दार उघडलं आणि पळाले. मागं वळून बघितलं नाही. मायनं शिकवलंच तसं होतं, वळून बघायचं नाही. पाऊण मिनिटात मी तीन मजले खाली. वजन पण तेवढंच, बरं का. एक वर्षाचा भूकंप आणि माझी पोरगी, सारखंच भरलं.

आता परत बाराव्या मजल्यावर या. मी वर वळले. जिना अरुंद, माणसं खाली येतायत, मी भिंतीला घासत वर. कुणी म्हणतंय “नो नो, डाउन, डाउन!” एका अरबी आजीनं माझा दंड धरला, काहीतरी बोलली, मला एवढंच कळलं की ती मला घेऊन जायला बघतेय. मी म्हणलं, “बेबी! वर! ऊपर!” तिनं गोधडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाटलं असेल ही येडी झाली. तरी तिनं हात सोडला आणि ओरडून वरच्या माणसांना बाजूला केलं. तिचा आवाज सिक्युरिटीवाल्यापेक्षा मोठा होता. रस्ता झाला.

चौदा. पंधरा. पोटात पेटका आला. मनात नुसतं एकच, ती उठली असेल. उठल्यावर मी दिसली नाही की ती आधी ओठ काढते, मग रडते. ओठ काढलेला तिचा चेहरा मला प्रत्येक मजल्याच्या आकड्यावर दिसत होता. सतरा. अठराव्यावर मी पायरीवर आपटले, गुडघा फुटला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोधडी अजून माझ्या छातीशीच आहे. पेपर मी टाकलेच नव्हते. सरळ टाकून हलकं होऊन पळता आलं असतं. का नाही टाकले? मला अजून सांगता येत नाही. एकदा वाटतं आजोबांच्या धाकानं. एकदा वाटतं ते हातात होते तोवर मी रिकाम्या हातानं पळतेय असं वाटत नव्हतं. खरं खोटं देव जाणे.

एकवीस. दार उघडंच, मीच उघडं टाकलेलं. सोफा रिकामा.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो निघाला. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, “ताई? ताई, वी आर हिअर!”

डायनिंग टेबलाखाली आर्किटेक्चरवाली बसली होती, मांडीवर माझी पोरगी, पोरीच्या हातात स्टीलचा पेला आणि चमचा. तिनं हेडफोनमुळं माझं ओरडणं ऐकलंच नव्हतं. दिवा हलताना बघितला, सोफ्यावर लेकरू दिसलं, उचललं आणि टेबलाखाली घुसली. शाळेत त्यांच्याकडून तशी तालीम करून घेतात म्हणे. तिची तालीम आत घुसायची, माझी बाहेर पळायची.

मी टेबलाखाली रांगत गेले. पोरगी काही रडत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, चमचा पेल्यावर आपटला आणि म्हणाली, “अगेन!”

“काय अगेन?”

“शेक! मम्मा, अगेन!”

मी तिला धरलं आणि रडले, आणि ती माझ्या डोक्यावर चमचा वाजवत होती. आर्किटेक्चरवाली पण रडायला लागली. मग तिनं गोधडीकडं बघितलं, मग सोफ्याकडं, मग माझ्याकडं, आणि हळू म्हणाली, “ताई... यू टुक द पेपर्स?”

मी मान हलवली. आधी तिचा चेहरा कसातरीच झाला. मग तिला हसू फुटलं, मग मला. टेबलाखाली आम्ही दोघी हसून हसून लोळलो, आणि खाली जिन्यात सिक्युरिटीवाला वरच्या मजल्यांचे नंबर पुकारत होता.

संध्याकाळी हे आले. जुमेरा लेक टॉवर्समध्ये पण सगळे रस्त्यावर उतरले होते, ह्यांनी तिथं उभं राहून चहा पण प्याला. मी गोधडीचं सांगितलं तर त्यांनी पोरीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणले, “झालं ते झालं, खलास. मायला सांगू नको. विषय काढायचाच नाही.” तिकडून आजोबांचा फोन, नातीनं त्यांना अर्धंच सांगितलेलं. “ताई, तुम्ही आधी पेपर वाचवलेत! केवढी जबाबदारीची जाणीव!” अशी शाबासकी मला आयुष्यात कुणी दिली नाही, आणि ती मिळाली तर तोंड लपवावंसं वाटलं.

आणि मग मायचा व्हिडिओ कॉल. गावाकडं टीव्हीवर दाखवलं होतं, दुबई हलली म्हणून. मी पडदा ओढला, भिंतीला पाठ लावली, ठरवलं काही बोलायचं नाही. पण तिनं “लेकरू कुठाय?” म्हणलं, मी पोरीला समोर धरलं, आणि मायनं स्क्रीनवर हात फिरवला, तिच्या तोंडावरून फिरवतात तसा. माझ्यानं राहवलं नाही. सगळं भडाभडा सांगितलं. चमचा, गोधडी, पेपर, फिलिपिनो बाई.

मला वाटलं आता ती रडेल नाहीतर शिव्या घालेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दोन्ही हिरव्याच दिल्या, ती माझीच चूक. एकीला लाल काठ लाव आजच्या आज.”

“बरं.”

“चमचा वाजला ना पण?”

“वाजला की. सगळ्यांच्या आधी.”

“मग.” असं म्हणून ती खूश होऊन मागं टेकली. पत्रा वाजला. तिच्या मागं पक्क्या घराच्या दारात शेळी उभी होती, रवंथ करत. मला वाटलं सुटले. हे पण बाजूला बसलेले, त्यांनी श्वास सोडला.

तेवढ्यात माय पुढं वाकली. “थांब. फिलिपिनो बाई कुठं भेटली म्हणलीस?”

“जिन्यात.”

“कशाचा जिना? बैठ्या घराला जिना?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, “आपलं घर नाही माय, ज्यांच्याकडं पेपर वाचायला जाते त्यांच्याकडं.”

“बरं. मग त्यांच्याकडं किती मजले उतरलीस?”

माय मोजण्यात पक्की आहे. नऊ म्हणलं तर ती विचारणार, ती बाई नसती भेटली तर खाली अजून किती राहिले होते. बारा म्हणलं की बेरीज झाली, एकवीस. एक म्हणलं तर माझा फुटलेला गुडघा तिला दिसतोय. आणि खरं सांगितलं तर आजची रात्र ती झोपणार नाही आणि उद्या सकाळी ह्यांना फोन करून म्हणणार, लेकराला पाठवा. आणि आज दुपारी जे झालं त्याच्यानंतर नाही म्हणायला माझं तोंड कुठाय? आर्किटेक्चरवाली आता म्हणते, पेपरात जे लिहिलं नाही ते शोधायचं असतं. माय पण तेच करते, नुसती माझ्या तोंडाकडं बघून.

पोरगी मांडीवर चमचा वाजवत होती, “वन, टू, थ्री” म्हणत. माय तिकडं पत्र्याला टेकून वाट बघत होती. हे पायानं मला खुणावत होते, बोलू नको. मी काय बोलले ते बोलले. पण तुम्हीच सांगा, तुम्ही असता तर किती मजले सांगितले असते?